मेंढीनाक्यांची कणगी

मी बटाट्यांची कणगी आहे, मित्रांनो. जुनी, गवताची. खरं तर आता मला कणगी म्हणणंही जरा जास्तच होईल. बूड गेलं आहे, तोंडाची कड कोंबड्यांनी उसवली आहे आणि अंगणाच्या दगडी कुंपणाला टेकून मी ऊन आणि गारा खात उभी आहे. उभी कसली, कललेली. जाणारे-येणारे माझ्याकडे बोट करून म्हणतात, हीच ती, हिच्यातच कुजलं सगळं. म्हणणाऱ्यांची तोंडं मला धरता येत नाहीत. पण तुम्ही लहान आहात, तुमचे कान अजून कुणी भरलेले नाहीत, म्हणून माझी बाजू तुम्हाला सांगते.

माझा जन्म डोंगरातल्या गवताचा. आमच्या गावाच्या वर, जिथे एकही झाड उगवत नाही आणि लांब मानेचे, लोकरीचे लामा प्राणीसुद्धा वाऱ्याकडे पाठ करून चरतात, तिथलं ते पिवळं, टोचरं गवत. माझ्या धन्याने, मेल्चोरने, ते पावसाळा सरल्यावर कापलं, दगडावर बडवून मऊ केलं, तळव्यांना थुंकी लावून त्याचा दोर वळला आणि दोराची वेटोळी एकावर एक शिवत मला वाढवलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मधूनच तो माझ्या आत उतरून उभा राहायचा आणि बायकोला विचारायचा, एवढी पुरे का? त्याची बायको इलारिया लोकर कातता कातता मान वर न करता म्हणायची, "तुझी हनुवटी दिसतेय अजून. ती दिसली की माझी भूक मरते." मग तो हसत आणखी एक वेटोळं चढवायचा. अशी मी पुरुषभर उंच झाले. त्या हसण्याने मला जेवढं घट्ट विणलं, तेवढं सुईने विणलं नसेल.

इलारिया माहेराहून आली ती ओच्यात बटाटे घेऊन. काळी साल, टोकाला नाकपुड्यांसारखे दोन खोल डोळे, आणि हात लावला तर गार. तिच्या माहेरी त्यांना मेंढीनाके म्हणत. उकडले की साल तडकायची आणि आतून पांढरं पीठ फुलून यायचं, मधोमध जांभळं कडं. आमच्या गावात बटाट्याच्या जातींना तोटा नव्हता. लांबट, वाकडे, पिवळे, लाल, गाठीगाठींचे, प्रत्येक घराचे आपले वेगळे. पण मेंढीनाके एकट्या इलारियाचे. पुढे तिच्या माहेरच्या गावावर दरड आली, लोक पांगले, शेतं दगडांखाली गेली. त्यानंतर मेंढीनाके उरले ते फक्त माझ्या पोटात. इलारिया ते बी हातात घ्यायची तेव्हा तिचा हात हळू व्हायचा. का, ते तुम्हाला सांगायला नको.

मला घराच्या आतल्या खोलीत बसवलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. माझ्या तोंडापर्यंत पोहोचायला शेजारी चढायचा एक उंच दगड ठेवला. जमिनीवर चपटे दगड मांडून त्यांवर मला ठेवलं, म्हणजे बुडाखालून वारा खेळतो आणि जमिनीची ओल वर चढत नाही. सुगीत बटाटे खणले की इलारिया ते आधी पडवीत सावलीला पसरायची. धुवायची कधीच नाही. अंगावरची माती सुकू द्यायची, तीच त्यांची दुलई. मग एकेक हातात घेऊन निवडायची. ज्याला खणताना लोखंड लागलं, ज्याला पांढऱ्या अळीचं भोक दिसलं, जो दाबल्यावर बोटाखाली दबला, तो बाजूला, आठवड्याच्या आमटीला. नीट असेल तोच माझ्यात. तळाला कोरडं गवत, त्यावर बियाणं, त्यावर मुन्याच्या काड्या. मुन्या म्हणजे आमच्याकडचं पुदिन्यासारख्या उग्र वासाचं झुडूप. त्या वासाने अळी पळते आणि डोळ्यांतले मोड झोपून राहतात. मग पुन्हा बटाटे, पुन्हा मुन्या, असं तोंडापर्यंत. असे जपले तर आमच्या थंडीत बटाटे सुगीपासून थेट पावसाळ्यापर्यंत टिकायचे, आणि मेंढीनाके त्याच्याही पुढे. खाली खोऱ्यात, जिथे ऊन उबदार आहे, तिथे हेच बटाटे महिन्या-दोन महिन्यांत मोड काढून सुरकुततात.

आणि एक रीत. कणगीत हात एकीचाच. घरची मालकीण असेल तिचा. पुरुषाने तर खोलीचा उंबरासुद्धा ओलांडायचा नाही, त्याची नजर पडली की बटाटे आटतात म्हणे. सून आली तरी सासूने स्वतः पहिला बटाटा काढून तिच्या ओच्यात घालेपर्यंत तिने आत डोकावायचं नाही. सासू जिवंत असताना न विचारता कणगीत हात घालणं म्हणजे तिच्या मरणाची वाट पाहणं. हे कुणी कुणाला शिकवत नाही. आमच्याकडच्या मुली ते आईच्या पाठीवर बांधलेल्या असतानाच शिकतात.

माझी चांगली वर्षं पुष्कळ होती. इलारियाच्या नाकाची तेव्हा गावभर कीर्ती होती. ती सकाळी यायची, माझ्या तोंडात डोकं घालायची, एक लांब श्वास घ्यायची आणि सांगायची, डाव्या अंगाला, मधल्या थरात, एकजण बिघडला आहे. हात खांद्यापर्यंत खाली जायचा आणि नेमका तोच वर यायचा. बटाटा बाहेरून टणक असायचा, कापला की आत करडा डाग. शेजारची तोमासा स्वतःची कणगी हुंगायला तिला बोलवायची आणि बदल्यात चीज द्यायची. मेल्चोर पारावर बसून तरतरी आणणारी कोकाची पानं चघळत सांगायचा, "माझी बायको कुत्र्यासारखी आहे." बायका ऐकून तोंडाला पदर लावायच्या. तो बिचारा कौतुकच करत असायचा. माझं नाव तिच्या नावाबरोबर घ्यायचे लोक. इलारियाची कणगी, कधी न कुजणारी.

मेल्चोर गेला. मुलगा फाउस्तो मोठा झाला. मग एका हिवाळ्यात गावात तापाची साथ आली आणि इलारिया पंधरा-वीस दिवस अंथरुणावर होती. उठली तेव्हा अंगात त्राण नव्हतं, पण ती आधी माझ्याकडे आली. नेहमीसारखं डोकं आत घातलं, श्वास घेतला, आणि तशीच थांबली. पुन्हा घेतला. मग मुन्याची काडी घेऊन तळव्यावर चुरडली आणि नाकाशी धरली. मग दुसरी. मग आमटीच्या टोपलीतला पाणी सुटलेला बटाटा उचलून, तोडून, अगदी नाकाला लावला. इतका नासलेला होता तो, की मला माझ्याच गवताची लाज वाटत होती. इलारियाच्या चेहऱ्यावर एक सुरकुती हलली नाही. डोळ्यांतून मात्र पाणी यायला लागलं.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. तोमासा बोलवायला आली की म्हणायची, गुडघे दुखतात. कुणाच्या घरी जावंच लागलं तर कणगीत डोकं घालायची, श्वास घ्यायची आणि म्हणायची, सगळं ठीक आहे. लोक निश्चिंत व्हायचे. माझ्या बाबतीत ती निवडताना जास्त दाबून बघू लागली, डोळे बारीक करून बघू लागली. दोन-तीन वर्षं निभावलं त्यावर. कोरडी सुगी होती ती वर्षं.

त्याच दिवसांत फाउस्तोने खोऱ्यातली मुलगी केली. बेनिता. हसरी, कामाला चपळ, बोलण्यात जराशी पुढे. पहिल्या वर्षीच तिला मुलगी झाली. निल्दा नाव ठेवलं. पाठीवर निल्दा बांधून बेनिता मेंढरं हाकायची, पाणी आणायची, चूल सांभाळायची. सासूचं तिच्याशी वाईट नव्हतं. नातीला तर ती स्वतःच्या शालीत गुंडाळून ऊन खात बसायची आणि तिच्या टाळूवर ओठ टेकवायची. नाकही टेकवायची, बराच वेळ. तिला काय हवं होतं ते मी ओळखून होते. ते तिला मिळत नव्हतं.

फक्त पहिला बटाटा तिने बेनिताच्या ओच्यात घातला नाही. तोमासाने एकदा विचारलं, सून तर चांगली आहे, मग कणगी कधी देणार? इलारिया म्हणाली, "खालच्या लोकांना बटाटा म्हणजे काय ते कळत नाही. बाजारातून आणायचा, रश्शात टाकायचा." तोमासा हसली. बेनिता दाराशी तांब्या घासत होती. तिनेही हसून घेतलं. खरं कारण मला माहीत होतं. ज्या दिवशी सून आत डोकावली असती त्या दिवशी तिचं नाक इलारियाच्या नाकाच्या पुढे गेलं असतं.

आणि मग ती ओली सुगी आली.

आमच्याकडे शेतं एकमेकांच्या हातांनी खणतात. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या आमच्या. पाळी ठरली की ठरली. त्या वर्षी आमच्या पाळीच्या दिवशी नेमका अवेळी पाऊस आला. पण माणसं कुदळी घेऊन आली होती, चुलीवर त्यांचं जेवण शिजत होतं. त्यांना परत पाठवलं असतं तर पुन्हा पाळी कधी आली असती देव जाणे. म्हणून भर चिखलात खणलं. ओल्या मातीत कुदळ कुठे लागते ते दिसत नाही. पुष्कळ बटाटे कापले गेले, आणि जे कापले गेले नाहीत तेही चिखलाने लडबडलेले. पडवीत पसरले, तर वर गारांचे ढग. जागा थोडी, पागोळ्या आत येत होत्या. इलारियाने घाईने निवडले. चिखलाखालचं कापलेलं अंग डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी ते नाकाला कळलं असतं. ओलसर अंगांनीच तिने त्यांना माझ्यात भरलं, मेंढीनाक्यांचं बियाणं तळाला, बाकीचे वर. मी काय करणार? मी गवताची. वारा जाऊ द्यायला मी जेवढी सैल होऊ शकत होते तेवढी झाले.

आधी एकच बिघडला. मधल्या थरात, उजव्या अंगाला. त्याच्या जखमेतून पाणी सुटलं आणि ते खालच्या दोघांवर उतरलं. मुन्या ओली झाली की तिचा वास मरतो. मग माझ्या पोटात ऊब धरू लागली. बटाट्यांच्या कणगीत ऊब! त्यापुढे काही सांगायला नको. इलारिया रोज वरचे काढून नेत होती, वरचे चांगले होते. डोकं आत घालायची, श्वास घ्यायची आणि जायची. मित्रांनो, मी तिला सगळं सांगत होते. माझ्यापाशी वासाखेरीज दुसरी भाषा नव्हती.

वास बेनिताला आला, बंद दारातून. तिने दोन दिवस वाट पाहिली आणि मग चुलीशी बसून हळूच म्हणाली, "आई, आतल्या खोलीतून वास येतोय."

"कोपऱ्यात पाळलेल्या गिनीपिगांचा असेल. कोपरा झाडलास का?"

"झाडला. तो वास नाही हा."

इलारियाने पळी खाली ठेवली. "पोरी, या गावात कुठे काय कुजलं हे लोक मला विचारतात. तुमच्या खोऱ्यात सगळंच कुजतं, तेच बसलंय तुझ्या नाकात. शिंकर, जाईल."

बेनिता चुलीपासून उठली. तिने फाउस्तोला सांगितलं. फाउस्तो मनाने चांगला, पण दोन बायकांच्या मध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला मेंढरं आठवायची. तो म्हणाला, "मी त्या खोलीत पाऊल टाकलं तर उद्या पोरं मला स्कर्ट आणून देतील. आईला कळतं ते. तिचं नाक आहे ते, आपलं नाही." आणि गेला मेंढरांकडे.

पुढे माझ्या बुडाखाली, दगडांमध्ये, काळी ओल उतरली. बारीक चिलटं उडू लागली. इलारियाला ओल दिसली. ती बराच वेळ बघत उभी राहिली. मग चुलीतली राख आणून तिने त्यावर टाकली, पायाने पसरली आणि दार ओढून घेतलं. तिला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळून घ्यायचं नव्हतं. आत हात घातला असता तर सड हाताला लागली असती, आणि मग सगळे विचारणार होते, तुला वास कसा नाही आला.

एक दिवस इलारिया पाटाच्या पाण्याच्या बैठकीला गेली. बेनिताने निल्दाला शालीत बांधून पाठीवर घेतलं, खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यावर थांबली. "माफ कर," असं पुटपुटली. मला की सासूला की आतल्या बटाट्यांना, माहीत नाही. मग तिने माझ्यात हात घातला, खांद्यापर्यंत. वरचा थर टणक होता. त्याच्याखाली बोटं एकदम चिखलात जावीत तशी गेली.

ती रडली नाही. भराभर काढू लागली. कुजलेले एकीकडे, डागाळलेले दुसरीकडे. तळाला पोहोचायला तिला मला कलती करावी लागली. मेंढीनाक्यांचं बियाणं बहुतेक गेलं होतं, पण काठाच्या बाजूला, जिथे माझ्या विणीतून वारा येत होता, तिथे ओंजळी-दोन ओंजळी धडधाकट राहिले होते. बेनिताने ते आपल्या ओच्याला पुसून कोरड्या गवतावर वेगळे मांडले. पाठीवर निल्दा नाक मुरडून किरकिरत होती. "थांब गं राणी, आजीचं माहेर काढतेय," असं बेनिता तिला म्हणाली. तेवढ्यात दारात इलारिया उभी.

तिची नजर गवतावर मांडलेल्या बटाट्यांवरून बेनिताच्या हातावर गेली.

मग इलारिया म्हणाली, "मी मेल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"आई, बघा तरी. सगळं सडलंय."

"माझ्या कणगीत माझ्या जिवंतपणी हात घातलास."

बेनिता उठली. तिचा हात काखेपर्यंत काळ्या घाणीने माखला होता. तिने तो हात सासूच्या तोंडापुढे धरला. "मग हुंगा. तुम्हीच सांगा काय आहे ते."

तो वास असा होता की अंगणातला कुत्रा उठून लांब जाऊन बसला होता. इलारियाने श्वास घेतला, पूर्वीसारखा लांब. आणि मान ताठ ठेवून म्हणाली, "मुन्याचा वास आहे. थोडी ओल धरलीय, एवढंच."

बेनिताचा हात तसाच राहिला. ती सासूच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि त्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, हे तिला दिसलं. हळूहळू तिने हात खाली घेतला. तिचा आवाज एकदम उतरला. "कधीपासून, आई?"

इलारियाने शाल अंगाभोवती ओढून घेतली. बेनिता आणखी हळू म्हणाली,

"कुणाला कळणार नाही. मी रोज सकाळी तुमच्याबरोबर येईन. मला आला वास की तुमच्या हाताला हात लावीन. नाव तुमचंच. कणगी तुमचीच."

मित्रांनो, मी पुष्कळ सुग्या पाहिल्या. माझ्यासमोर बोललेलं याहून चांगलं वाक्य मी ऐकलं नाही. आणि इलारियाला ते विस्तवासारखं लागलं. सुनेची दया घेऊन नाव राखायचं, हे तिला सडलेल्या बटाट्यांहून वाईट वाटलं. ती वळली, अंगणात गेली आणि मोठ्याने तोमासाला हाक मारली. तोमासा आली, तिच्यामागून आणखी बायका आल्या. इलारिया त्यांना म्हणाली, बघा, मी बैठकीला गेले आणि हिने माझ्या कणगीत हात घातला, म्हणून सडलं.

बायकांनी आत डोकावून पदर नाकाला लावले. सगळ्या बेनिताकडे बघू लागल्या. एकट्या तोमासाच्या कपाळावर आठी होती. ती म्हणाली, "अगं इलारिया, एवढी सड काही एका दुपारची नाही. तुझ्यासारख्या नाकवालीला हे आधी कळलं कसं नाही?"

सगळ्या आता इलारियाकडे वळल्या. बेनिताने तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सुटली असती. तिने सासूकडे पाहिलं. इलारियाच्या दोन्ही मुठी शालीत आवळल्या होत्या, आणि हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती.

"मी याआधीही हात घातला होता," बेनिता म्हणाली. "चोरून. माझंच चुकलं."

ते खोटं होतं. हे मला माहीत होतं आणि इलारियाला माहीत होतं. इलारिया गप्प राहिली. माझ्या आयुष्यात जे काही कुजलं, त्यातलं सगळ्यात वाईट कुजलं ते हे गप्प राहणं.

तोमासाने गवतावरचे निवडलेले मेंढीनाके पाहिले. एक उचलून दाबला, उलटवला. म्हणाली, हे तर झकास आहेत, पेरणीपर्यंत माझ्या माळ्यावर ठेव, उद्या यांचंच शेत होईल. मी आशेने इलारियाकडे पाहिलं. पण तिने नुकतंच चारचौघींत सांगितलं होतं की सुनेच्या हाताने सडलं. तेच बटाटे शेतात तरारून उगवले असते तर तिच्या बोलण्याचं काय राहिलं असतं?

"परक्या हाताचं बी मी पेरणार नाही," ती म्हणाली. "उगवायचं नाही ते. याचं चुन्यो करून टाकते."

चुन्यो म्हणजे गोठवून वाळवलेला बटाटा. पाल्यावर ठेवून रात्रीच्या कडाक्यात गोठवायचा, सकाळी उन्हात पायांनी तुडवून पाणी काढायचं, पुन्हा गोठवायचा, पुन्हा तुडवायचा. बारक्या आणि डागाळलेल्या बटाट्यांचं करतात ते. बियाण्याचं कुणी करत नाही.

तेव्हा बेनिता पहिल्यांदा रडली. "आई, मी जाते हवं तर. आजच जाते. पण हे ठेवा. तुमच्या आईचे आहेत हे."

इलारियाने पाठ फिरवली.

बेनिता दुसऱ्या दिवशी निल्दाला पाठीवर घेऊन खोऱ्याच्या वाटेला लागली. फाउस्तो वळणापर्यंत तिच्याबरोबर गेला आणि परत आला. मग त्याने मला खोलीतून ओढून अंगणात काढलं. घरात ठेवली तर पुन्हा सडेल, असं बायका म्हणाल्या होत्या. म्हणून पुढचं मला दिसलं. इलारियाने ते ओंजळी-दोन ओंजळी मेंढीनाके कुणाला हात लावू दिले नाहीत. स्वतः मांडले, दहिवर पडलेल्या गवतावर. सकाळी स्वतःच अनवाणी त्यांच्यावर उभी राहिली. पायाखालून जांभळं पाणी निघत होतं. ती अगदी हळू तुडवत होती, मूल निजवताना थोपटतात तशी. काही दिवसांनी त्यांचे काळे, हलके खडे झाले. हलवले की खडखडणारे.

ते अजून आहेत, मित्रांनो. आढ्याला लोकरीच्या पिशवीत टांगले आहेत. चुन्यो वर्षानुवर्षं टिकतं. त्याला ओल लागत नाही, अळी लागत नाही, मोड येत नाहीत. आणि ते पेरलं तर उगवत नाही. मेंढीनाके आता कुणाच्या शेतात नाहीत.

फाउस्तो पुढच्या पेरणीनंतर बायको-मुलीकडे खाली गेला. गावच्या संताच्या उत्सवाला येतो, आईला साखर आणि मीठ देतो, चहा पितो आणि संध्याकाळच्या आत निघतो. निल्दा एकदा आली होती. आजीपाशी गेली नाही. इलारिया आता तोमासाने दिलेले बटाटे खाते. प्लास्टिकच्या गोणीत तोंड बांधून चुलीशेजारी ठेवते. उबेने त्यांना घाम येतो, लांब पांढरे मोड येतात, निम्मे टाकावे लागतात. तिला सगळं येतं, पण आता कुणासाठी करायचं? खोलीत ती जात नाही. कधी अंगणात आली तर माझ्यावरून तिची नजर अशी जाते, जशी दगडावरून जाते. मी तिचा राग धरत नाही. पण मला तिची कीवही येत नाही, हे तुमच्यापासून कशाला लपवू?

तुमच्या घरी माझ्यासारखी कणगी नसेल. टोपली असेल, जाळीची पिशवी असेल, ओट्याखालचा कोपरा असेल. तरी माझं ऐका. बटाटे आणलेत की धुऊ नका, माती सुकू द्या. ते अंधारात ठेवा, उजेडात ठेवले तर हिरवे होतात, आणि हिरवा बटाटा कडू असतो, पोटात दुखतं त्याने. उबेपासून लांब ठेवा, कांद्यापासून लांब ठेवा. त्यांना वारा लागू द्या, बंद पिशवीत कोंडू नका. कापलेला, दबलेला बटाटा आधी संपवा. अधूनमधून हात घालून उलटेपालटे करा. गार आणि कोरड्या जागी ते महिनोन्महिने तुमची साथ करतील, गरम घरात थोडेच दिवस. तेव्हा लागतील तेवढेच आणा.

एवढं सगळं इलारियाला माहीत होतं, तुम्हा-आम्हा सगळ्यांहून चांगलं. म्हणून शेवटची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा. घरातलं कुणी म्हणालं, वास येतोय, तर ते कोण म्हणालं, ते बघत बसू नका. आत हात घाला.